एक ओढा, तीन विहिरी, एक वर्ष: पाणलोटाचा अभ्यास नव्याने करणाऱ्यांसाठी

दर उन्हाळ्यात दोन-चार जण तरी विचारतात, "सर, पाण्याचा अभ्यास करायचाय, मीटर कोणता घेऊ?" कुणी भूगोलात एम.ए. करत असतो, कुणी ग्रामपंचायतीत नुकता निवडून आलेला असतो, एखादा डाळिंबवाला असतो ज्याची बोअर मार्चमध्येच धापा टाकायला लागलेली असते. माझं उत्तर ठरलेलं आहे. मीटर राहू द्या, आधी ओढा सांगा. यावर बरेच जण गप्प होतात. काही जण "सोलापूर जिल्ह्याचाच करू की" म्हणतात. जिल्हा ही महसुली हद्द झाली, पाणी ती मानत नाही. पाणी उतार मानतं. म्हणून अभ्यास उताराच्या हद्दीत करायचा, आणि पहिल्या वर्षी तरी ती हद्द तुम्हाला सकाळी निघून दुपारपर्यंत पायी फिरता येईल एवढीच ठेवायची.

साधारण पाचशे ते हजार हेक्टरचा एक ओढा, त्यावरच्या तीन विहिरी, एक पर्जन्यमापक आणि बारा महिने. एवढं नीट जमलं की पुढचं शिकायला कुणाची गरज लागत नाही.

पाणलोट म्हणजे जेसीबी नव्हे

आपल्याकडे "पाणलोटाचं काम चाललंय" म्हटलं की डोळ्यांसमोर जेसीबी, नाला खोलीकरण आणि सिमेंटचा बंधारा येतो. ते उपचार झाले. पाणलोट म्हणजे जमिनीचा तो तुकडा, ज्यावर पडलेलं पाणी वाहत जाऊन शेवटी एकाच जागेतून बाहेर पडतं. घराच्या पत्र्यावर पडलेलं सगळं पाणी एका पन्हळीतून खाली येतं, तसंच हे. पन्हळ कुठे आहे ते तुम्ही ठरवायचं. ओढ्यावरच्या पुलाखाली उभे राहिलात तर त्या पुलाच्या वर जेवढा उतार इकडे येतो, तेवढा तुमचा पाणलोट. मैलभर खाली सरकलात की तो मोठा झाला.

मोहोळ तालुक्यातला एखादा ओढा घ्या. तो सीनेला मिळतो, सीना दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते, भीमा पुढे कृष्णेला, कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे तुमचा ओढा एका पाणलोटात, तो दुसऱ्यात, तो तिसऱ्यात. (कुडलला गेलात तर संगमेश्वराच्या देवळातला शके ९४० चा मराठी शिलालेख बघून या. अभ्यासाशी त्याचा काही संबंध नाही, पण इतक्या जवळ जाऊन तो न बघता परत येणं बरं नाही.)

हद्द आखायला भारतीय सर्वेक्षण विभागाचा पन्नास हजारी नकाशा लागतो. सोलापूर शहर आणि आजूबाजूचा भाग जुन्या क्रमांकानुसार ४७ ओ/१४ या पत्रकावर येतो. आता हे नकाशे ऑनलाइनही मिळतात. ओढ्याच्या मुखापासून सुरुवात करून समोच्च रेषांना, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांना, काटकोनात छेदत वर चढायचं, दोन्ही बाजूंनी चढून माथ्यावर भेटायचं. क्यूजीआयएस हे फुकटचं सॉफ्टवेअर उपग्रहाने मोजलेल्या जमिनीच्या उंचीवरून हीच रेषा दहा मिनिटांत काढून देतं.

पण त्या दहा मिनिटांवर विसंबू नका. सह्याद्रीत डोंगरधार डोळ्यांना दिसते. आपला मुलूख सपाट. नकाशावरच्या दोन समोच्च रेषांत वीस मीटरचा फरक असतो आणि तेवढ्या चढाला आपल्याकडे कधी कधी दोन-तीन किलोमीटर चालावं लागतं. मधल्या भागात धार कुठून जाते हे संगणकही अंदाजानेच सांगतो, आणि मधे रस्त्याचा भराव किंवा उजनी धरणाचा कालवा आला की तो हमखास चुकतो. म्हणून हद्द छापून घ्या आणि चांगला पाऊस झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ती चालून बघा. रस्त्याच्या प्रत्येक मोरीपाशी थांबून पाणी कुठून कुठे गेलं ते बघा. गाळाच्या रेघा, अडकलेला पालापाचोळा सगळं सांगतो. जमीनही सांगते: माथ्यावर उथळ मुरमाड माळ, मधे मध्यम माती, ओढ्याकाठी खोल काळी. माळावरून काळीकडे उतरताना तुम्ही पाण्याच्याच वाटेने उतरत असता.

खाली काय आहे ते बघा

सोलापूर जिल्हा दख्खनच्या बेसाल्टवर, म्हणजे थंड झालेल्या लाव्हाच्या थरांवर बसलाय. या खडकाच्या पोटात वाळूसारखी जागोजाग पोकळी नसते. पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात, मांजऱ्या खडकाच्या बारीक भोकांत आणि काळ्या पाषाणाच्या भेगांत. दोन लाव्हाथरांच्या मधे कधी तांबडा, चिकट गेरूचा थर लागतो, त्याच्यातून पाणी सहसा खाली उतरत नाही.

हे पुस्तकात वाचण्यापेक्षा गावात नवी विहीर खणायला सुरुवात झाली की रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसा. किती फुटांवर मुरूम लागला, पाषाण कधी आला, पाझर कोणत्या बाजूने फुटला, हे विहीर खणणाऱ्यांच्या तोंडूनच ऐका आणि लिहून घ्या. हे लोक खोली परसात सांगतात. "दोन परस मुरूम, मग मांजऱ्या, पूर्वेच्या अंगाला उमाळा." माझ्या वहीतल्या सर्वांत उपयोगी नोंदी अशाच आलेल्या आहेत. परस म्हणजे किती ते मात्र त्याच माणसाला टेपने मोजून दाखवायला लावा, गावोगावी थोडाफार फरक पडतो.

एक गोष्ट आत्ताच मनात पक्की करा. विहिरीचं पाणी आणि चारशे-पाचशे फूट बोअरचं पाणी एकच असेल असं नाही. दोन्हीच्या पातळ्या एका तक्त्यात कालवू नका.

पाऊस: रोज, साडेआठला

जिल्ह्याचा सरासरी पाऊस वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर. पण सरासरीने कुणाचं शेत भिजत नाही. आपल्याकडचा पाऊस बैलाचं एक शिंग भिजवतो आणि दुसरं कोरडं ठेवतो. महसूल मंडळाच्या ठिकाणी जे यंत्र आहे, तिथला आकडा दहा किलोमीटरवरच्या तुमच्या ओढ्याला लागू पडेलच असं नाही. म्हणून पाणलोटात स्वतःचा एक तरी पर्जन्यमापक हवा.

विकतचा नसेल तर सरळ उभ्या बाजूंचा डबा चालतो. तोंड आणि तळ सारखे असले की डबा रुंद असो की अरुंद, आत साचलेल्या पाण्याची उंची तेवढीच येते. झाडापासून आणि भिंतीपासून दूर, उघड्यावर, पडणार नाही असा बसवा. सकाळी साडेआठला मोजा, कारण हवामान खात्याची वेळ तीच आहे. कालच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत पडलेला पाऊस आजच्या तारखेला लिहायचा. नवे लोक तो काल पडला म्हणून कालच्या तारखेला टाकतात आणि मग मंडळाच्या आकड्यांशी वर्षभर एक दिवसाने चुकत राहतात. पाऊस नसेल त्या दिवशी ०.० लिहा. मोकळी जागा म्हणजे पाऊस नव्हता की तुम्ही गावाला गेला होता, हे सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही.

एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर होतात. म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटरचा एक टँकर. साडेपाचशे मिलिमीटर म्हणजे हेक्टरी साडेपाचशे टँकर. ग्रामसभेत मी हाच हिशोब सांगतो, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हटकून विचारतं, "मग जातंय कुठं की एवढं पाणी?" त्याच प्रश्नासाठी पुढची सगळी मोजणी.

जुन्या पावसाची माहिती म्हाताऱ्या माणसांकडून काढायची असेल तर महिना विचारू नका, नक्षत्र विचारा. आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरात, म्हणजे उत्तरा-हस्ताच्या सुमाराला. "त्या साली हस्त लागला आणि ओढ्याला पूर आला" ही आठवण तारखेपेक्षा जास्त पक्की असते.

विहीर मोजणं

तीन विहिरी निवडा: एक माथ्याकडची, एक मधली, एक ओढ्यालगतची. शक्यतो ज्यांचा उपसा कमी आहे अशा. मालकाला काय करणार आहात ते नीट सांगा, पहिला चहा घ्या, आणि पातळीचा आकडा दर वेळी त्यालाही सांगत चला. पहिल्या दोन महिन्यांत तात्या लांबून बघत बसतात, तिसऱ्या महिन्यात स्वतःच विचारतात, "या बारीला किती उतरलं?"

मोजायचं कसं? कठड्यावर एका जागी ऑइल पेंटने ठळक खूण करा. टेपच्या टोकाला वजन बांधा, शेवटच्या मीटरभराला खडू घासा, टेप सोडा, पाण्यात थोडा बुडू द्या आणि खुणेशी आकडा वाचा. वर ओढल्यावर खडू जिथपर्यंत भिजला तो आकडा त्यातून वजा करा. मग कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करा. जे उरलं ती जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली. दर वेळी त्याच खुणेपासून.

या खुणेवर मी अडून बसतो त्याला कारण आहे. मी नवा होतो तेव्हा एका विहिरीची मार्चची नोंद कठड्यावरून घेतली आणि एप्रिलची, कठड्याचा दगड निखळला होता म्हणून, जमिनीवरून. आलेखात पाणी एप्रिलमध्ये नव्वद सेंटिमीटर वर आलेलं दिसलं. भर उन्हाळ्यात! पंधरा दिवस मी त्यावर विचार केला, भूमिगत झऱ्यांचा एक सिद्धांतही मनात रचला. शेवटी तिथल्या आक्कांनी विचारलं, "कठडा पडल्यावर टेप कुठनं लावला?" सिद्धांत तिथेच विहिरीत पडला.

मोटरचं दुसरं. उपसा चालू असताना घेतलेली पातळी ही मोटरची पातळी असते, भूजलाची नाही. शेतीची वीज कधी दिवसा येते, कधी रात्री, म्हणून वेळापत्रक विचारून मोटर बंद झाल्यावर जास्तीत जास्त तासांनी जा. किती वाजता बंद केली तेही लिहा. आणि तिसरं, खास आपल्या भागातलं: कालव्याला आवर्तन सुटलं, म्हणजे पाळीचं पाणी सोडलं, की लाभक्षेत्रातल्या विहिरी पाऊस नसतानाही चढतात. आवर्तनाच्या तारखा वहीत नसतील तर तो चढ तुम्ही बंधाऱ्याच्या खात्यावर लिहून टाकाल. अशी चूक अहवालांतही पुष्कळदा सापडते, पण ते असो.

महिन्यातून एकदा मोजणं पुरेसं आहे. त्यातही जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर हे चार महिने चुकवू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी याच महिन्यांत मोजते, त्यामुळे तुमचे आकडे त्यांच्याशी ताडून बघता येतात. ही यंत्रणा १९७२ साली सुरू झाली, तिचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. तुमच्या गावाजवळची निरीक्षण विहीर कोणती हे तिथे जाऊन विचारा.

बिनकठड्याच्या जुन्या विहिरीवर एकट्याने जाऊ नका, आणि वापरात नसलेल्या आडात काहीही पडलं, टेप पडला, मोबाईल पडला, तरी उतरू नका. खाली प्राणवायू नसतो आणि ते वरून कळत नाही.

आकड्यांतून काय निघतं

समजा पाणलोट ८०० हेक्टरचा आहे. मेअखेरच्या मानाने ऑक्टोबरात तिन्ही विहिरी सरासरी ३ मीटर चढल्या. सगळ्या ३ मीटरभर पाणी नाही, खडकच आहे. बेसाल्टमध्ये निचऱ्याने मोकळं होणारं पाणी शंभरात साधारण दोन भाग धरतात. मग ८०० हेक्टर गुणिले ३ मीटर गुणिले ०.०२ म्हणजे ४ लाख ८० हजार घनमीटर. सरकारी कागदांवर हेच ४८० टीसीएम असं दिसेल, टीसीएम म्हणजे हजार घनमीटर. त्याच जमिनीवर ५५० मिलिमीटरने पडलं ४,४०० टीसीएम. म्हणजे मुरून विहिरीच्या कामी आलं जेमतेम अकरा टक्के. बेसाल्टसाठी प्रकाराप्रमाणे सात ते तेरा टक्के धरण्याचा प्रघात आहे, तेव्हा आपला आकडा त्यात बसतो. पावसाळ्यात उपसलेलं पाणी यात नाही, ते मोटरीच्या तासांवरून वेगळं काढावं लागतं.

आता उसाकडे बघा. पाटाने भिजवलेल्या एका हेक्टर उसाला वर्षाला साधारण वीस हजार घनमीटर पाणी जातं. ४८० टीसीएममध्ये असा ऊस बसतो २४ हेक्टर. आठशे हेक्टरांच्या पाणलोटात चोवीस, आणि तेही माणसांनी, जनावरांनी एक थेंब न पिता. रब्बीची मालदांडी ज्वारी मात्र काळ्या मातीतल्या ओलीवर उभी राहते, विहिरीला हातही लावत नाही. सोलापुरात कोरडवाहू शेती संशोधन केंद्र १९३३ पासून आहे आणि त्यांचा भर या ओलीवरच राहिला आहे: पाणी विहिरीत शोधण्याआधी मातीत धरा. पाणलोटाच्या अभ्यासात नवे लोक ही मातीतली ओल मोजायलाच विसरतात.

ओढ्याचं पाणी

आपला ओढा वर्षातले थोडेच दिवस वाहतो. म्हणून पहिली नोंद अगदी साधी ठेवा: कोणत्या तारखेला वाहायला लागला, कोणत्या तारखेला थांबला, डोह कधी आटला. ओढा आटल्याची तारीख दर वर्षी पुढे सरकत असेल तर वरच्या उपचारांनी काहीतरी केलं असं म्हणायला जागा आहे. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि तरी ही तारीख कुणाकडेच नसते.

प्रवाह मोजायचा असेल तर सरळ, मोकळा असा दहा मीटरचा पट्टा निवडा. वरच्या टोकाला लिंबू सोडा आणि खालच्या टोकाला पोचायला लागलेले सेकंद मोजा. पाच वेळा करा, सरासरी घ्या. वीस सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. तळाशी पाणी हळू असतं, म्हणून ०.८ ने गुणा, ०.४ आला. ओढ्याची रुंदी २.४ मीटर आणि ठिकठिकाणी काठी घालून काढलेली सरासरी खोली २५ सेंटिमीटर असेल तर छेद ०.६ चौरस मीटर. गुणाकार ०.२४, म्हणजे सेकंदाला २४० लिटर.

पाणी कमी असताना लिंबू रखडतं. तेव्हा ९० अंशांची त्रिकोणी खाच कापलेला पत्रा प्रवाहात आडवा, बाजूंनी माती लिंपून बसवतात. खाचेतून पाणी दहा सेंटिमीटर उंचीने पडत असेल तर सेकंदाला साधारण ४.४ लिटर, वीस सेंटिमीटरने पडत असेल तर सुमारे २५ लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी दुप्पट नव्हे, साडेपाच पटींहून जास्त होतं, हे लक्षात ठेवा. आणि उंची खाचेपाशी नाही, थोडी मागे, पाणी संथ आहे तिथे मोजा.

पुरात उतरू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये एका रात्रीत आपल्याकडच्या ओढ्यांनी काय केलं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पूर ओसरल्यावर झाडांवर अडकलेल्या कचऱ्याची उंची मोजा, तेवढ्यावरही बरंच कळतं.

प्रत: बाटलीपासून सुरुवात

पाण्याच्या तपासणीतल्या चुका प्रयोगशाळेत कमी आणि बाटली भरताना जास्त होतात. रासायनिक तपासणीला पाण्याची स्वच्छ रिकामी बाटली चालते, शीतपेयाची नको. ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्याने तीनदा विसळा, मग भरा. हातपंप किंवा बोअर असेल तर नळीतलं शिळं पाणी आधी काही मिनिटं जाऊ द्या. विहिरीत कडेला तरंगणारं नको, मधलं घ्या.

जिवाणूंच्या तपासणीला प्रयोगशाळेतून मिळणारी निर्जंतुक बाटलीच लागते. ती विसळायची नाही, टोपणाला आतून बोट लावायचं नाही, थोडी रिकामी ठेवायची, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. एकदा मी असा नमुना मोटरसायकलच्या डिकीत ठेवून मधेच एका लग्नाला गेलो. मे महिना, डिकीत चहा झाला असता. तो अहवाल मी फाडून टाकला, कारण त्यात विहीर नव्हती, माझी डिकी होती.

बाटलीवर लेबल: ठिकाण, तारीख, वेळ, खोली, नाव. टोपणावर लिहू नका, टोपणं बदलतात.

आता मीटर घ्या. खिशातलं टीडीएसचं पेन खरं तर विरघळलेले क्षार मोजतच नाही. ते विद्युतवाहकता मोजतं आणि एका आकड्याने गुणून टीडीएस दाखवतं. स्वस्त पेनं बहुधा ०.५ ने गुणतात, प्रयोगशाळेत ०.६५ च्या आसपास धरतात. म्हणून एकाच पाण्याचे दोन आकडे येतात आणि लोक भांडत बसतात. वाहकता लिहून ठेवा, भांडण मिटतं. सिंचनासाठीही हाच आकडा लागतो, सेंटिमीटरला मायक्रोसीमेन्समध्ये: ७५० पर्यंत बरं, ७५० ते २,२५० जपून, त्यावर गेलं तर जमीन खारवटण्याची काळजी करायची वेळ आली.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक म्हणजे आयएस १०५०० : २०१२. त्यात पीएच ६.५ ते ८.५. टीडीएस ५०० पर्यंत उत्तम, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत. एकूण कठीणपणा याच क्रमाने २०० आणि ६००. फ्लोराइड १ आणि १.५. नायट्रेट ४५, आणि त्यात सूट नाही. पीएच सोडून हे सगळे लिटरला मिलिग्रॅममध्ये. शंभर मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही नको.

आपल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी कठीण. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरा थर. घरोघरी तक्रार याचीच. पण कठीणपणा डोळ्यांना दिसतो म्हणून लोक घाबरतात आणि नायट्रेट दिसत नाही म्हणून घाबरत नाहीत. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. ते येतं युरियातून, उकिरड्यातून, शोषखड्ड्यातून. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद ते कमी करतं. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने दाट होतं. अहवाल वाचताना एकच बघा: आकडा नायट्रेटचा आहे की नायट्रेटमधल्या नायट्रोजनचा? नायट्रोजनचा १० म्हणजे नायट्रेटचा सुमारे ४५. "बाराच आहे, पंचेचाळीसच्या आत आहे" म्हणून खूश झालेले सरपंच मी पाहिलेत, आणि तो बारा नायट्रोजनचा होता.

दारावर येणाऱ्या फिल्टरवाल्याचा खेळही ओळखून ठेवा. तो दोन पेल्यांत विजेच्या कांड्या सोडतो, तुमचं पाणी तपकिरी गाळाने भरतं, त्याचं स्वच्छ राहतं. तो गाळ कांडीच्या लोखंडाचा असतो. तुमच्या पाण्यात क्षार आहेत म्हणून वीज वाहते आणि लोखंड झिजतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. त्याच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून बघायला सांगा.

जिवाणूंसाठी गावात एच टू एस बाटली मिळते. पाणी भरायचं, खोलीत ठेवायचं, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काळी पडली तर विष्ठेतून आलेल्या जंतूंचा संशय धरायचा. पहिल्या जोराच्या पावसानंतरची तपासणी सर्वांत महत्त्वाची, कारण उन्हाळाभर जमिनीवर साचलेलं सगळं तेव्हा विहिरीत उतरतं. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर नळाच्या शेवटच्या घरी ओटीचे (क्लोरीन तपासायच्या औषधाचे) थेंब टाकून बघा, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवं. टाकीखाली नाही, शेवटच्या घरी. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक हे काम करतात, त्यांच्याबरोबर एक सकाळ फिरा.

वरच्या माणसाचं पाणी

तीन महिने झाल्यावर एकदा उजनीच्या काठावर जा. भीमा भीमाशंकरला उगम पावते, पुण्याची मुळा-मुठा दौंडच्या वर तिला मिळते, आणि शहराच्या सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद घेऊन ते सगळं पाणी १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणात येऊन थांबतं. थांबलेलं पाणी, भरपूर ऊन आणि भरपूर खत, मग शेवाळ वाढणारच. पाणी पोपटी दिसतं ते त्यामुळे. तिथे विरघळलेला प्राणवायू मोजायचा तर वेळ सांभाळा. दुपारी तीनला मोजलात तर शेवाळ प्राणवायू बनवत असतं, आकडा झकास येतो. पहाटे मोजलात तर रात्रभर त्याच शेवाळाने तो वापरून टाकलेला असतो. मासे मरतात ते पहाटे. एकाच जागेचे हे दोन आकडे शेजारी ठेवले की "पाणी चांगलं आहे" आणि "पाणी वाईट आहे" असं म्हणणारे दोघेही आपापल्या वेळेला खरं बोलत होते हे कळतं.

तुमच्या ओढ्यावरही तेच करा. गावाच्या वर एक नमुना, गावाच्या खाली एक, एकाच तासात. फरक पडला तो गावाचा.

वही

मोबाईलवर नोंद ठेवा, पण कागदाची वहीही ठेवा. पेनने लिहा, चुकलं तर एक आडवी रेघ मारून शेजारी लिहा, खोडू नका. आकड्यापुढे एकक हवंच. विचित्र आकडा आला तर सुधारू नका, शेजारी "विचित्र, पुन्हा बघणे" लिहा. ग्रामसभेत मांडताना विहिरींना मालकांची नावं देऊ नका, क, ख, ग द्या. नाहीतर चर्चा पाण्याची राहत नाही, भावकीची होते.

कधी सुरुवात करावी? मेच्या तिसऱ्या आठवड्यात, रोहिणी लागायच्या आधी. तेव्हा पाणी सर्वांत खाली असतं, म्हणजे वर्षाचा तळ पहिल्याच दिवशी हाती येतो. पहाटे सहाला निघा, नऊला ऊन बसू देत नाही. टेप, खडू, वही, पाण्याची बाटली, टोपी. आणि ऑइल पेंटचा डबा. तो मी दोनदा घरी विसरलोय.